घोडा, नांगर आणि 1787: न्यू जर्सीचं जुनं तांब्याचं नाणं ओळखावं कसं, त्याची किंमत काढावी कशी

एका बाजूला घोड्याचं मुंडकं, त्याखाली नांगर, नांगराखाली साल आणि भोवती रोमन अक्षरांत ‘नोव्हा सीझेरिया’. दुसऱ्या बाजूला उभ्या पट्ट्यांची ढाल आणि तिच्याभोवती ‘ई प्लुरिबस युनम’. असं तांब्याचं नाणं हाती आलं असेल, तर ते न्यू जर्सी राज्याने 1786 ते 1788 या काळात पाडून घेतलेलं नाणं असू शकतं. ‘नोव्हा सीझेरिया’ हे न्यू जर्सीचंच लॅटिन नाव. घोड्याचं मुंडकं आणि नांगर राज्याच्या मुद्रेतून आले आहेत आणि आजही तिथे आहेत. ‘ई प्लुरिबस युनम’ हे बोधवाक्य चलनात आलेल्या नाण्यावर पहिल्यांदा उमटलं ते इथेच.

आज न्यू जर्सीत मराठी वस्ती मोठी आहे. एडिसन-इसेलिनपासून गाडीने थोड्याच अंतरावरच्या राहवे गावात या नाण्यांची एक टाकसाळ होती. त्या भागातल्या गराज सेलमध्ये, जुन्या घराच्या सामानात किंवा परसात खणताना ही नाणी अजून सापडतात. सापडल्यावर पहिल्या तासाभरात माणूस काय करतो, यावर त्याच्या किमतीचा मोठा भाग ठरतो. म्हणून सुरुवात तिथूनच.

घासू नका

आपल्या घरात तांब्या-पितळ्याचं भांडं काळवंडलं की हात आपोआप चिंचेकडे, लिंबाकडे नाहीतर पितांबरीकडे जातो. भांड्याला ते शोभतं, नाण्याला घातक ठरतं. आम्ल तांब्याचा वरचा थर खातं. दोनशे-सव्वादोनशे वर्षांत चढलेला तपकिरी रंग जातो आणि खालून गुलाबीसर, निर्जीव धातू उघडा पडतो. तो रंग परत आणता येत नाही. रसायन लावून कृत्रिम रंग चढवला तर जाणकार भिंगाखाली लगेच ओळखतो. घासलेल्या नाण्याची किंमत त्याच झिजेच्या मूळ नाण्याच्या निम्म्यावर येणं सर्रास घडतं, कधी त्याहूनही खाली.

मग करायचं काय? मातीतून निघालेलं नाणं असेल तर ते डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा आणि रोज पाणी बदला. माती मऊ पडून आपोआप सुटते. तेलकट थर असेल तर शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घ्या, खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ आग नको. नेलपॉलिश काढायच्या बाटलीतलं ॲसिटोन चालणार नाही, कारण त्यात रंग आणि तेलं मिसळलेली असतात. बाहेर काढलेलं नाणं सुती कापडावर ठेवून टिपायचं, पुसायचं नाही. नाणं नेहमी कडेला धरा, कारण बोटाच्या घामाचा ठसाही तांब्यावर कायमचा उमटू शकतो.

हिरवा रंग दोन प्रकारचा असतो. घट्ट, गडद, धातूला चिकटलेला थर बहुतेक वेळा स्थिर असतो, त्याला हात लावू नका. फिकट हिरवी, पिठासारखी सुटणारी पूड दिसली तर मात्र सावध व्हा. क्लोराइड आणि दमटपणा एकत्र आले की तांब्याला लागणारी ती कीड आहे आणि ती पसरत जाते. असं नाणं बाकीच्या संग्रहापासून वेगळं, कोरड्या डब्यात ठेवा आणि धातूच्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

मोजमाप: काटा, कॅलिपर, पाण्याची वाटी

सोनाराच्या काट्यासारखा, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा फार महाग नसतो. सोबत कॅलिपर (व्यास मोजायचं साधन) आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग असलं की घरबसल्या बरंच काम होतं.

न्यू जर्सीच्या विधिमंडळाने 1 जून 1786 रोजी कायदा करून 30 लाख नाणी पाडण्याचा ठेका दिला. ठेकेदार तिघे होते: वॉल्टर मोल्ड, थॉमस गोड्सबी आणि अल्बियन कॉक्स. प्रत्येक नाण्याचं वजन 150 ग्रेन, म्हणजे 9.72 ग्रॅम ठरलं आणि अशी 15 नाणी म्हणजे एक शिलिंग. पुढे तिघांचं फिसकटलं. मोल्ड मॉरिसटाउनला गेला, राहवेचं काम इतर दोघांकडे राहिलं आणि नंतर मथायस ऑग्डेनने एलिझाबेथटाउनला नाणी पाडली. इतके हात फिरल्यामुळे वजनं एकसारखी नाहीत. खरी नाणी साधारण 8 ते 10 ग्रॅममध्ये बसतात, व्यास बहुधा 27 ते 29 मिलिमीटर भरतो. वजन 9.72 नाही म्हणून घाबरू नका. ते 6 किंवा 13 ग्रॅम भरलं, तर मात्र शंका घ्यायला हवी.

लोहचुंबक लावून बघा. नाणं चिकटलं तर विषय संपला.

त्यानंतरची कसोटी विशिष्ट घनतेची. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. काटा दाखवेल तो आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. समजा कोरडं वजन 9.72 आणि पाण्यातला आकडा 1.09 आला, तर उत्तर 8.9 च्या जवळ येतं. शुद्ध तांब्याची घनता 8.96, म्हणजे हे ठीक आहे. उत्तर 8 च्या खाली गेलं तर धातू वेगळा आहे किंवा ओतीव नाण्यात पोकळी राहिली आहे. जमिनीत पडून सच्छिद्र झालेल्या खऱ्या नाण्यातही हवा अडकते आणि आकडा थोडा खाली येतो, हे ध्यानात असू द्या.

खरं की नक्कल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

ही नाणी लाटून केलेल्या तांब्याच्या पत्र्यातून चकत्या कापून, हाताने कोरलेल्या ठशांत, स्क्रू प्रेसवर दाबून पाडली. चकतीभोवती कडं नसायचं, त्यामुळे नाणं अगदी गोल नसतं आणि छाप मध्यापासून सरकलेला असू शकतो. पत्र्यातल्या भेगा, पोपडे, कडेला तुटलेला कंगोरा या सगळ्या गोष्टी खऱ्या नाण्यात नेहमीच्या आहेत. शिवराई हाताळलेल्या संग्राहकाला यात नवल वाटणार नाही, कारण तिथेही अर्धी अक्षरं चकतीबाहेर गेलेली असतात. कड सपाट आणि गुळगुळीत असते. कडेवर आजच्या नाण्यासारखे दाते दिसले तर ते हे नाणं नव्हे.

नकलांचे ढोबळमानाने तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग ओतीव नकलांचा. मूळ नाण्यावरून साचा घेऊन त्यात धातू ओततात. अशा नकलेची अक्षरं कडेला गोलसर, साबणासारखी मऊ दिसतात, सपाट भागावर बारीक पुटकुळ्या असतात आणि कडेवरून सांध्याची रेघ फिरते. ती रेघ कानशीने घासली असेल तर कानशीच्या खुणा दिसतात.

दुसरा वर्ग एकोणिसाव्या शतकातल्या विजेच्या मुलाम्याच्या नकलांचा. तेव्हा संग्रहालयं आणि श्रीमंत संग्राहक दुर्मिळ नाण्यांच्या अशा प्रती करून घेत. दोन्ही बाजूंची तांब्याची पातळ कवचं तयार करून मध्ये शिसं भरत आणि ती जोडत. त्यात मूळ नाण्याचा प्रत्येक ओरखडा उमटतो, म्हणून डोळा फसतो. कड भिंगाखाली बघा, सांधा सापडतो. शिशामुळे वजन आणि घनता दोन्ही बिघडलेली असतात.

तिसरा वर्ग आठवणीदाखल विकलेल्या प्रतींचा. 1960-70 च्या दशकांत संग्रहालयांच्या दुकानांत त्या भरपूर विकल्या गेल्या. अमेरिकेत 1973 मध्ये कायदा आल्यापासून नकलेवर इंग्रजीत ‘कॉपी’ असा शिक्का बंधनकारक झाला, पण त्याआधीच्या प्रतींवर तो नसतो आणि असला तरी कोणीतरी घासून काढलेला असतो. भारतात एखाद्या नातेवाइकाने सहलीहून आणलेलं ‘जुनं अमेरिकन नाणं’ निघालं, तर ते बहुधा याच वर्गातलं असतं. आता यात परदेशातून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या नव्या बनावट नाण्यांचीही भर पडली आहे.

एका नाण्याबद्दल वेगळा इशारा द्यायला हवा. कनेक्टिकटमधल्या डॉक्टर सॅम्युएल हिगली यांनी 1737 च्या सुमारास शुद्ध तांब्याची नाणी पाडली. त्यांवर हरीण आहे आणि ‘तुम्हाला वाटेल ती किंमत द्या’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आहे. खरी हिगली अत्यंत दुर्मिळ. त्यांच्या नकला 1860 च्या दशकापासून निघत आल्या आहेत. हातात हिगली आली, तर ती नक्कल आहे असं धरूनच पुढची तपासणी करा.

हे न्यू जर्सीचं नसेल तर?

त्या काळातली इतर तांब्याची नाणी पटकन वेगळी करता येतात. उजवीकडे किंवा डावीकडे पाहणारा पुरुषाचा अर्धपुतळा आणि ‘ऑक्टोरी कनेक’ अशी अक्षरं असतील तर ते कनेक्टिकट, 1785 ते 1788. याचे तीनशेहून अधिक प्रकार आहेत. डोंगरामागून उगवता सूर्य आणि नांगर, किंवा मागे किरणांच्या मध्यभागी डोळा, हे व्हरमाँट. धनुष्यबाण घेतलेला मूळनिवासी आणि मागे गरुड, हे मॅसॅच्युसेट्स, 1787-88. ‘सेंट’ हे मूल्य अमेरिकेत पहिल्यांदा याच नाण्यावर आलं. सूर्यघड्याळ, ‘फ्युजिओ’ हा शब्द आणि मागे गुंफलेल्या तेरा कड्या, हे 1787 चं फ्युजिओ.

तिसऱ्या जॉर्जचा चेहरा आणि मागे ‘व्हर्जिनिया’, 1773, हे लंडनच्या टॉवर टाकसाळीत पाडलेलं व्हर्जिनियाचं अर्धं पेन्स. याची न वापरलेली नाणी बाल्टिमोरच्या एका जुन्या साठ्यातून मोठ्या संख्येने बाहेर आली. त्यामुळे लालसर तकाकी टिकलेलं नाणंही इथे आवाक्यात मिळतं. वसाहतकाळातलं एक खरंखुरं नाणं जवळ असावं एवढीच इच्छा असेल, तर मी नवख्याला हेच सुचवीन.

काटेकोर बोलायचं तर वसाहतीचा काळ 1776 ला संपला आणि घोडा-नांगराचं नाणं त्यानंतर दहा वर्षांनी आलं. तरी संग्राहक आणि व्यापारी या सगळ्यांना ‘कलोनियल’च म्हणतात, लिलावातही ती त्याच नावाखाली असतात. अमेरिकेच्या राज्यघटनेने राज्यांना नाणी पाडायची बंदी केली आणि 1793 पासून फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतून संघराज्याचे सेंट येऊ लागले. म्हणून राज्याच्या नावाच्या या मालिका 1788 ला थांबतात.

ठसा कोणता

अमेरिकन तांब्याच्या नाण्यांचा खरा आनंद इथे आहे आणि अनेकदा पैसाही. ठसे हाताने कोरलेले असल्यामुळे प्रत्येक ठशात घोड्याची आयाळ, नांगराची मूठ, अक्षरांमधलं अंतर वेगळं आहे. फिलाडेल्फियाचे डॉक्टर एडवर्ड मॅरिस यांनी 1881 मध्ये या ठशांची यादी छापली आणि आजही तीच वापरली जाते. घोड्याच्या बाजूच्या ठशाला आकडा, ढालीच्या बाजूला इंग्रजी अक्षर. ‘मॅरिस 46-ई’ असं वाचलं की दोन्ही ठशांची जोडी कळते. अशा जोड्या शंभराहून बऱ्याच जास्त आहेत.

जोडी शोधताना या क्रमाने बघा. साल कुठे आहे आणि त्याचे आकडे नांगराच्या कोणत्या भागाखाली येतात. घोड्याचा कान कोणत्या अक्षराकडे रोखलेला आहे. नांगराची मूठ सरळ की वाकडी. ढालीचं खालचं टोक कोणत्या दोन अक्षरांच्या मध्ये येतं. शेवटी ठशाला गेलेले तडे, जे नाण्यावर उंच रेघा म्हणून उमटतात आणि फार मोलाचे साक्षीदार असतात. नोत्र दाम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वसाहतकालीन नाण्यांची छायाचित्रं आणि माहिती खुली आहे, मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या सूच्याही उपयोगी पडतात. नाण्याचा फोटो काढताना दिवा बाजूने, तिरका ठेवा. समोरून उजेड पडला की उठाव सपाट दिसतो.

काही प्रकार नावानिशी माहीत असलेले बरे. 1786 मध्ये साल नांगराच्या दांड्याखाली असलेलं नाणं या मालिकेतलं सर्वात मौल्यवान, त्याची किंमत पाच आकडी डॉलरच्या पुढे जाते. 1787 मध्ये घोड्याचं तोंड सापासारखं निमुळतं असलेला प्रकार, ‘प्लुरिबस’मध्ये दुसरं ‘यू’ गळलेला आणि त्याच शब्दात ‘आर’च्या जागी ‘के’ झालेला असे प्रकार लोकप्रिय आहेत. 1788 मध्ये घोडा डावीकडे पाहतो ते नाणं दुर्मिळ आहे आणि त्याच वर्षी अक्षरांत छोटा कोल्हा असलेलंही एक आहे.

उंटासारख्या मुंडक्याचा एक प्रकार अनेकदा दुसऱ्याच नाण्यावर पाडलेला सापडतो. नीट पाहिलं तर घोड्याच्या मानेखाली कनेक्टिकटचा पुतळा किंवा ब्रिटिश राजाचा चेहरा अंधूक दिसतो. यामागे बाजाराची गोष्ट आहे. हलक्या आणि बनावट अर्ध्या पेन्सांनी बाजार भरून गेला आणि 1789 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये तांब्याच्या नाण्यांचा भाव कोसळला. न्यू जर्सीच्या नाण्यांवर मात्र लोकांचा विश्वास इतरांपेक्षा टिकून होता. म्हणून दुसरी नाणी घेऊन त्यांवर घोडा-नांगर ठोकणं फायद्याचं ठरलं. खालचं नाणं ओळखता आलं तर संग्राहक त्यासाठी जास्त पैसे मोजतात.

दुर्मिळता मोजण्यासाठी 1 ते 8 अशी श्रेणी वापरतात. 8 म्हणजे एक ते तीन ज्ञात नाणी, 7 म्हणजे चार ते बारा, 6 म्हणजे तेरा ते तीस. एवढं नक्की ध्यानात ठेवा की दुर्मिळ ठसा म्हणजे आपोआप मोठी किंमत नव्हे. 5 श्रेणीचा ठसा ओळखणारे खरेदीदार मोजके असतात आणि ठळक, नाव मिळालेला प्रकार त्याहून सहज सापडत असला तरी जास्त विकला जातो.

दर्जा

अमेरिकेत दर्जा 1 ते 70 गुणांत मोजतात. या नाण्यांत झीज सगळ्यात आधी दिसते ती घोड्याच्या जबड्यावर, आयाळीत आणि ढालीच्या मध्यभागी. पण मध्यभाग पुसट दिसला की लगेच झीज म्हणू नका, कित्येकदा तिथे छापच कमी दाबाचा बसलेला असतो. फरक असा कळतो: झिजलेला भाग गुळगुळीत असतो, तर कमी दाबाच्या भागात मूळ पत्र्याचे बारीक चरे तसेच राहिलेले दिसतात.

तांब्याच्या बाबतीत झिजेइतकाच, माझ्या मते झिजेपेक्षाही जास्त, पृष्ठभाग मोलाचा आहे. एकसारखा चॉकलेटी रंग असलेलं थोडं झिजलेलं नाणं मी खड्ड्याखड्ड्यांच्या ठळक नाण्याआधी घेईन आणि बाजारही बहुधा तेच करतो. भोक पाडलेलं, वाकवून सरळ केलेलं, घासलेलं नाणं परीक्षण कंपन्या आकड्याऐवजी दोष लिहून देतात आणि किंमत तिथेच खाली येते.

किंमत काढणं

आता आकडा. विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नका, झालेली विक्री पाहा. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ हा पर्याय निवडा. हेरिटेज आणि स्टॅक्स बावर्स या लिलावगृहांच्या जुन्या निकालांत तोच मॅरिस क्रमांक, तोच दर्जा आणि तसाच पृष्ठभाग असलेली तीन-चार नाणी शोधा. वार्षिक किंमत-पुस्तिकेतला आकडा केवळ दिशा दाखवतो. लिलावाच्या निकालात खरेदीदाराने वर भरलेलं शुल्क बहुधा धरलेलं असतं, विकणाऱ्याच्या हाती त्याहून बरंच कमी पडतं. व्यापारी दुकान चालवतो, त्यामुळे तो आणखी कमी देईल आणि त्यात गैर काही नाही.

ढोबळ कल्पना द्यायची तर सामान्य ठशाचं, झिजलेलं पण साल आणि घोडा स्पष्ट दिसणारं नाणं शंभर डॉलरच्या मागेपुढे जातं. आयाळ आणि ढालीच्या रेघा नीट असलेलं, रंग चांगला असलेलं नाणं काहीशे डॉलरचं. जवळजवळ न वापरलेलं मिळालं तर हजाराच्या वर. मातीने खाल्लेलं, साल न वाचता येणारं नाणं वीस-तीस डॉलरलाही पडून राहू शकतं.

पीसीजीएस किंवा एनजीसी या कंपन्यांकडे पाठवून बंद डबीत प्रमाणित करून घेणं अमेरिकेत सोपं आहे, पण शुल्क, विमा आणि टपाल मिळून शंभर डॉलरच्या नाण्यावर तो खर्च परवडत नाही. नाणं तीन-चारशेच्या वरचं वाटत असेल, दुर्मिळ ठशाचा संशय असेल किंवा खरेपणाबद्दलच वाद असेल, तरच पाठवा.

ठेवणं, विकणं आणि कायदा

मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तांबं ठेवू नका, काही वर्षांत त्यावर हिरवा चिकट थर येतो. मायलरचं, म्हणजे पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मचं, पाकीट घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात ठेवायचं असेल तर पावसाळ्याआधी त्या पुड्या बदला.

अमेरिकेत धातुशोधक घेऊन फिरायची हौस असेल तर खासगी जागेसाठी मालकाची लेखी परवानगी घ्या. मॉरिसटाउनच्या आसपासचा बराच भाग राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात येतो आणि तिथे धातुशोधक वापरणं गुन्हा आहे. नाणं विकून नफा झाला तर, एक वर्षाहून जास्त काळ जवळ असलेल्या संग्राह्य वस्तूंवर फेडरल कराची कमाल मर्यादा 28 टक्के आहे, म्हणून खरेदीची पावती जपून ठेवा.

नाणं भारतात असेल तर परीक्षणासाठी ते टपालाने परदेशी पाठवायची घाई करू नका. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात आणि खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाहीत. नाणं अमेरिकेचं असलं, तरी आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयात लेखी विचारणा करा. तोवर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्वच्छ फोटो, वजन, व्यास आणि घनतेचा आकडा एवढं जाणकाराला ईमेलने पाठवलं, तर ठसा आणि खरेपणाबद्दल बहुतेक उत्तर त्यावरूनच मिळतं.